कॉलिसन बंधूंनी विद्यापीठ सोडले; म्हणून मुलीने अभियांत्रिकी अर्धवट सोडावी का?

कोपरखैरणेकर

नमस्कार. मी कोपरखैरण्यात राहते आणि माध्यमिक शाळेत गणित शिकवते. माझी मुलगी नवी मुंबईतील एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वाशीच्या बाजार समितीतील भाजीपाल्याच्या आडत्यांसाठी तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी एक प्रणाली तयार केली आहे. मालाची आवक आणि विकलेला भाव भरला, की हमाली, तोलाई आणि गाडीभाडे वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाच्या हिशेबाचा कागद, तयार होते आणि ती त्याच्या मोबाइलवर जाते. काही गाळ्यांवर ती सध्या चाचणी म्हणून, पैसे न घेता वापरली जात आहे.

आता मुलीचे म्हणणे असे आहे, की चौथे वर्ष करण्यात वेळ घालवण्याऐवजी तिने पूर्ण वेळ याच कामाला द्यावा. त्यासाठी ती सतत पॅट्रिक आणि जॉन कॉलिसन या आयरिश भावांचा दाखला देते. एकाने एमआयटी सोडली, दुसऱ्याने हार्वर्ड, आणि दोघांनी मिळून स्ट्राइप ही ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची सेवा देणारी कंपनी उभी केली, एवढे मलाही ठाऊक आहे. मात्र शिक्षण सोडण्याची घटना त्यांच्या आयुष्यात नेमकी कोणत्या टप्प्यावर आली, त्याआधी त्यांच्या गाठीशी काय होते आणि त्यांच्या यशात त्या निर्णयाचा वाटा खरोखर किती होता, हे मला समजून घ्यायचे आहे.

तिच्या कामाविषयी मला अभिमान आहे आणि तिचा हिरमोड करण्याची माझी अजिबात इच्छा नाही. म्हणूनच विनंती, की ‘पदवी हवीच’ किंवा ‘मुलांना त्यांच्या मनाप्रमाणे करू द्या’ एवढ्यावर उत्तर थांबवू नये. या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी थोडे सविस्तर लिहिले, तर आम्हा दोघींनाही ते एकत्र बसून वाचता येईल.

पारसिक

ताई, मी ऐरोलीत एका कंपनीत पेमेंट प्रणालींवर काम करतो, त्यामुळे स्ट्राइपची वाटचाल मी व्यावसायिक कुतूहलाने सुरुवातीपासून पाहत आलो आहे. तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग तारखांवरूनच बराचसा सुटतो, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

पॅट्रिकचा जन्म सप्टेंबर १९८८ मधला. आयर्लंडच्या टिपरेरी परगण्यात लॉख डर्ग या मोठ्या सरोवराकाठी ड्रोमिनीर नावाचे छोटे गाव आहे, तेथे तो वाढला. वडील अभियंता होते आणि पुढे सरोवराकाठचे हॉटेल चालवत. आईचे शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्रातले. लिमरिक विद्यापीठातला संगणकाचा पहिला वर्ग त्याने आठव्या वर्षी केला आणि दहाव्या वर्षापासून तो प्रोग्रॅम लिहू लागला. गाव इतके आडवळणाला होते, की घरी इंटरनेट आणण्यासाठी उपग्रहाची जोडणी घ्यावी लागली. २००४ मध्ये आयर्लंडच्या ‘यंग सायंटिस्ट’ या राष्ट्रीय स्पर्धेत त्याचा प्रकल्प उपविजेता ठरला. त्याने लगेच पुढच्या वर्षी पुन्हा भाग घेतला आणि लिस्प या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कुळातली ‘क्रोमा’ नावाची स्वतःची भाषा सादर करून, वयाच्या सोळाव्या वर्षी, २००५ चे पहिले पारितोषिक मिळवले. याच काळात लिस्पविषयीच्या शंका तो पॉल ग्रॅहम यांना ई-मेलने विचारत असे. हेच ग्रॅहम पुढे वाय कॉम्बिनेटर या नवउद्योगांना पाठबळ देणाऱ्या संस्थेचे संस्थापक झाले.

पॅट्रिक एमआयटीत गेल्यानंतर २००७ मध्ये दोघा भावांनी ईबे या ऑनलाइन बाजारपेठेवर मोठ्या प्रमाणावर विक्री करणाऱ्यांसाठी एक प्रणाली काढली. आयर्लंडमधील एका सरकारी संस्थेकडून निधी मिळाला नाही, तेव्हा वाय कॉम्बिनेटरच्या आधाराने ते कॅलिफोर्नियात गेले. तेथे हरजीत आणि कुलवीर टग्गर या दोघांच्या प्रकल्पात त्यांचा प्रकल्प विलीन झाला आणि ‘ऑक्टोमॅटिक’ ही कंपनी तयार झाली. मार्च २००८ मध्ये ती कॅनडातील एका कंपनीने सुमारे ५० लाख डॉलरना विकत घेतली. त्या दिवशी पॅट्रिक १९ वर्षांचा होता, जॉन १७ वर्षांचा. जॉनचे शालेय शिक्षण तेव्हा संपलेलेही नव्हते, आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हातात एवढे पैसे आल्यानंतरही त्याने शाळेची अंतिम परीक्षा दिली, तीत अत्युत्तम गुण मिळवले आणि २००९ मध्ये हार्वर्डमध्ये प्रवेश घेतला.

स्ट्राइपचे काम २००९ च्या अखेरीस आणि २०१० मध्ये सुरू झाले आणि विद्यापीठाला कायमचा रामराम त्याच सुमारास ठोकला गेला. म्हणजे त्या निर्णयाआधी राष्ट्रीय पारितोषिक, एक कंपनी उभारून विकण्याचा अनुभव, स्वतःचे पैसे आणि ओळखीचे गुंतवणूकदार एवढे सारे त्यांच्या गाठीशी जमा होते. शिवाय अमेरिकेतील अशा विद्यापीठांत काही काळ रजा घेऊन परतण्याची सोय असते. आपल्याकडे अर्धवट शिक्षणाला जो धोका असतो, तो त्यांच्या वाट्याला त्या प्रमाणात आलाच नव्हता.

आता कामाविषयी, कारण मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. त्या काळी अमेरिकेत एखाद्या लहान व्यावसायिकाला संकेतस्थळावर कार्डाने पैसे घ्यायचे असतील, तर बँकेकडे मर्चंट खाते, म्हणजे कार्डाचे पैसे स्वीकारण्याचे व्यापारी खाते, मागावे लागे, कागदपत्रे आणि व्यवसायाची पडताळणी होई, त्यानंतर पेमेंट गेटवेशी, म्हणजे कार्डाची माहिती बँकेपर्यंत पोचवणाऱ्या सेवेशी, वेगळा करार करावा लागे आणि ग्राहकांचे कार्ड क्रमांक सुरक्षित ठेवण्याचे नियमही स्वतःच पाळावे लागत. यात आठवडेच्या आठवडे जात. स्ट्राइपने प्रोग्रॅमरला काही ओळींचा कोड दिला. ग्राहकाचा कार्ड क्रमांक दुकानदाराच्या सर्व्हरवर न जाता थेट स्ट्राइपकडे जाई आणि दुकानदाराला त्याच्या जागी एक टोकन, म्हणजे नुसता सांकेतिक क्रमांक, मिळे. त्यामुळे सुरक्षिततेचे मोठे ओझे त्याच्या डोक्यावरून उतरले. शुल्क ठरलेले आणि उघड होते, दर व्यवहाराला २.९ टक्के अधिक ३० सेंट.

बाहेरून हे कोडचे कौशल्य दिसते, पण अगदी सुरुवातीच्या ग्राहकांना ‘ताबडतोब’ मिळणारे खाते प्रत्यक्षात दोघे भाऊ पडद्यामागे स्वतः कागदपत्रे भरून, जुन्याच पद्धतीने, बँकिंग व्यवस्थेकडून मिळवून देत होते. ही गोष्ट ग्रॅहम यांनी लिहून ठेवली आहे. त्यांनीच आणखी एक सवय नोंदवली आहे: कोणी स्ट्राइप वापरून पाहण्याची तयारी दाखवली, की हे दोघे नंतर दुवा पाठवतो असे न म्हणता त्याच क्षणी समोरच्याचा लॅपटॉप मागून घेत आणि तेथल्या तेथे जोडणी करून देत. वाय कॉम्बिनेटरच्या वर्तुळात या पद्धतीला ‘कॉलिसन इन्स्टॉलेशन’ असे नावच पडले. सर्वांसाठी सेवा खुली व्हायला सप्टेंबर २०११ उजाडला. जवळजवळ दोन वर्षे ते मोजक्या ग्राहकांसोबत, बँकांच्या वाटाघाटी करत काम करत राहिले. पेपाल या जुन्या ऑनलाइन पेमेंट कंपनीच्या संस्थापकांपैकी पीटर थील आणि इलॉन मस्क यांनी सुरुवातीलाच त्यांच्या कंपनीत पैसे घातले. ज्यांनी हे क्षेत्र आधी घडवले, त्यांनाच त्यातली अडचण अजून शिल्लक असल्याचे पटले, हे मला फार बोलके वाटते.

मुलीला मी एवढेच विचारेन: गाळ्यावर जाऊन, हिशेब लिहिणाऱ्या मेहताजींच्या शेजारी बसून, त्यांच्याच मोबाइलवर तिने किती वेळा काम करून दिले आहे? मला तरी या कामात पदवीपेक्षा या प्रश्नाचे उत्तर अधिक मोलाचे वाटते.

उपवन

पारसिक यांनी दिलेला तपशील उत्तम आहे, तरी त्यांच्या मांडणीतून निघणाऱ्या एका निष्कर्षाशी मी सहमत नाही. आधी पुरेसे यश जमवा आणि मगच शिक्षणातून बाहेर पडा, असे सांगितले, तर बहुतेक मुले कधीच बाहेर पडणार नाहीत. माझी वागळे इस्टेटमध्ये लहानशी सॉफ्टवेअर कंपनी आहे. विशीत घराचा हप्ता नसतो, मुलांची शाळा नसते, आई-वडील धडधाकट असतात; या स्वातंत्र्याला मोठी किंमत आहे आणि ते परत मिळत नाही. आपल्याच मुंबईतले उदाहरण घ्या. आदित पालिचा आणि कैवल्य वोहरा यांनी स्टॅनफर्ड सोडले तेव्हा ते एकोणीस वर्षांच्या आसपास होते. महासाथीच्या काळात त्यांनी आधी ‘किराणाकार्ट’ काढले, ज्यात जवळच्या वाण्याच्या दुकानातून माल घरपोच दिला जाई. ते हवे तसे चालले नाही, तेव्हा वाण्यावर अवलंबून न राहता स्वतःची छोटी गोदामे उभारून २०२१ मध्ये त्यांनी ‘झेप्टो’ सुरू केले. त्यांच्याजवळ आधी विकलेली कंपनी नव्हती.

त्याच वेळी दुसरी बाजूही मांडली पाहिजे. रेझरपे ही आपल्याकडची कंपनी स्ट्राइपच्याच क्षेत्रातली. तिचे संस्थापक हर्षिल माथूर आणि शशांक कुमार आयआयटी रुरकीतून पदवी घेऊन, नोकऱ्या करून मग २०१४ मध्ये या व्यवसायात उतरले. तेव्हा पदवीनंतर सुरू केले म्हणून उशीर झाला, असेही म्हणता येत नाही.

ज्या गोष्टीकडे मुलीने बारकाईने पाहावे असे मला वाटते, ती म्हणजे देशागणिक बदलणारे नियम. पट्टीसोबत पैसेही पाठवण्याचा विचार तिच्या मनात आज ना उद्या येणारच. अमेरिकेत दोन भावांना जे ज्या पद्धतीने सुरू करता आले, ते येथे तसे करता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना पडताळणीची अतिरिक्त पायरी सक्तीची केली, म्हणून आपल्याला ओटीपी टाकावा लागतो. मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दुसऱ्याचे पैसे स्वतःकडे घेऊन पुढे वळते करणाऱ्या कंपनीला परवाना लागतो आणि अर्ज करतानाच १५ कोटी रुपयांचे निव्वळ मूल्य दाखवावे लागते, जे पुढे २५ कोटींपर्यंत न्यावे लागते. त्यातच यूपीआय आणि रूपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याकडून व्यवहारशुल्क घेता येत नाही. स्ट्राइपचे उत्पन्न ज्या २.९ टक्क्यांवर उभे राहिले, तो पायाच येथे यूपीआयने काढून घेतला आहे, आणि ग्राहक म्हणून मला त्याचा आनंदच आहे. त्यामुळे पैशाच्या व्यवहारासाठी तिने परवानाधारक कंपनीची सेवा जोडून घ्यावी आणि स्वतःची कमाई वर्गणीतून करावी. या दिशेचा हिशेब तिने मांडला आहे का, हे तुम्ही गणिताच्या शिक्षिका या नात्याने अवश्य तपासा. एका गाळ्याकडून महिन्याला किती रुपये, तीन जणींचा खर्च किती आणि त्यासाठी किती गाळे हवेत, एवढे एका पानावर यावे.

कोपरखैरणेकर

दोघांचेही मनापासून आभार. मुलीने दोन्ही उत्तरे वाचली. जॉनने कंपनी विकल्यावरही शाळेची परीक्षा दिली, हे तिला माहीत नव्हते. गाळ्यावर प्रत्यक्ष जाण्याविषयी तिचे उत्तर असे, की तिघी दुपारी जाऊन आल्या आहेत, बाकीचे काम फोनवर चालते. पैसे कोणाकडूनही घेतलेले नसल्याने वर्गणीचा हिशेब अजून झालेला नाही. बाजार समितीतले कोणी येथे असेल, तर त्यांचे मत वाचायला आवडेल.

तुर्भे रात्रपाळी

ताई, मी भाजीपाला बाजारात एका गाळ्यावर मेहताजी म्हणून काम करतो. तुमच्या लेकीने पट्टीचा विषय घेतला, हे चांगले केले, कारण शेतकऱ्याचा आमच्यावरचा विश्वास त्या एका कागदावर टिकून असतो. नारायणगाव किंवा जुन्नरहून माल पाठवणारा माणूस येथे हजर नसतो. कोणत्या भावाने किती नग गेले आणि किती खर्च कापला, हे त्याला पट्टीवरूनच कळते. ती त्याच दिवशी मोबाइलवर मिळाली, तर आमचे निम्मे फोन वाचतील.

मात्र दुपारी येऊन आमचे काम समजणार नाही. मध्यरात्रीपासून गाड्या लागायला सुरुवात होते आणि पहाटेपर्यंत बराचसा माल विकला जातो. त्या गर्दीत मी मोबाइल हातात धरू शकत नाही; वहीत ओळीने लिहितो आणि उजाडल्यावर हिशेब करतो. एकाच शेतकऱ्याचा माल चार खरेदीदारांना चार वेगळ्या भावांनी जातो, त्यातला काही खराब निघाला म्हणून नंतर भाव कमी करावा लागतो, आणि ज्याने आधी उचल घेतली आहे त्याच्या पट्टीतून ती थोडी थोडी वळती करायची असते. भाजीपाला आणि फळांवरची आडत २०१६ पासून शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची आहे, त्यामुळे ती पट्टीत येता कामा नये; ती खरेदीदाराच्या बिलात लागते. हे सगळे त्यांच्या प्रणालीत बसते का, ते पाहावे.

आणखी एक गोष्ट शेठ लोक बाहेरच्यांना सहसा सांगत नाहीत. शेतकऱ्याला पैसे वेळेवर द्यावे लागतात, पण भाजीवाल्यांकडची उधारी हळूहळू येते. गाळ्याची खरी ओढाताण या वसुलीची असते. कोणाकडे किती दिवसांचे किती थकले आहे, हे जर सकाळी सहाला एका नजरेत दिसले, तर शेठ त्यासाठी दरमहा पैसे मोजतील. पट्टीसाठी मोजतीलच, असे मी खात्रीने सांगू शकत नाही. मुलींना पहाटे तीनला पाठवायचे असेल, तर तुम्ही किंवा घरातील कोणी सोबत या. मी शेठना विचारून बसायची सोय करून देईन आणि वहीही दाखवीन.

पारसिक

मेहताजींचे उत्तर वाचल्यावर मला वाटते, की ताईंच्या लेकीने आता या धाग्यापेक्षा त्यांच्या गाळ्यावर वेळ द्यावा. उपवन यांनी घेतलेला आक्षेप योग्य आहे. आधी यश आणि मग निर्णय, असा नियम मला घालायचा नव्हता. निर्णय घेताना हातात काहीतरी तपासलेले असावे, एवढाच माझा आग्रह आहे, आणि या बाबतीत ते म्हणजे पैसे देणारे गाळे.

कॉलिसन बंधूंच्या नंतरच्या काळाचाही थोडा विचार व्हावा, कारण मुलांपुढे नेहमी चढता आलेखच ठेवला जातो. नोव्हेंबर २०१६ मध्ये कंपनीचे मूल्यांकन ९.२ अब्ज डॉलरवर गेले आणि सव्विसाव्या वर्षी जॉन स्वकष्टाने अब्जाधीश झालेल्यांत जगातला सर्वांत तरुण ठरला. मार्च २०२१ मध्ये ते ९५ अब्जांवर पोचले, आणि दोनच वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, ५० अब्जांवर आले. त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये सुमारे १४ टक्के कर्मचाऱ्यांना कमी करावे लागले. पॅट्रिकने कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात गरजेपेक्षा जास्त भरती झाल्याचे आणि त्या निर्णयाची जबाबदारी नेतृत्वाची असल्याचे स्पष्ट म्हटले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मूल्यांकन पुन्हा ९१.५ अब्जांवर आले. आदल्या वर्षी कंपनीमार्फत १.४ लाख कोटी डॉलरचे व्यवहार झाले होते. ज्या माणसाने हे चढउतार पाहिले, त्याच पॅट्रिकने एप्रिल २०२० मध्ये अर्थतज्ज्ञ टायलर कोवेन आणि जैवअभियंता पॅट्रिक शू यांच्यासह ‘फास्ट ग्रँट्स’ सुरू करून कोविडवर संशोधन करणाऱ्यांच्या निधीच्या अर्जांवर ४८ तासांच्या आत निर्णय देण्याची पद्धत घातली. मला स्वतःला त्याचे हे काम स्ट्राइपइतकेच थोर वाटते, आणि ग्राहकाला ताटकळत न ठेवण्याची जुनी वृत्ती त्यातही दिसते.

महाविद्यालयाविषयी: पूर्ण सोडण्याचा विषय काढण्याआधी एक सत्र किंवा एक वर्ष खंड घेतला, तर पुन्हा प्रवेश कोणत्या अटींवर मिळेल, जुने गुण आणि श्रेयांक टिकतील का, अभ्यासक्रम बदलला तर काय, हे महाविद्यालयाकडून आणि विद्यापीठाकडून लेखी घ्या, तोंडी आश्वासनावर विसंबू नका. तोपर्यंत येत्या सुट्टीत त्यांना पूर्ण वेळ काम करून पाहता येईल आणि चाचणीच्या गाळ्यांकडून, थोडी का असेना, वर्गणी मागता येईल. जो आज फुकट वापरतो, तो पैसे मागितल्यावर काय म्हणतो, हे त्यांना त्या सुट्टीतच कळेल.

एक गोष्ट मात्र सुट्टीपर्यंतही थांबवू नका. तिघींनी आपसात लेखी करार करावा. कोडचे हक्क वैयक्तिक न ठेवता कंपनीच्या नावावर असावेत, कोणाचा हिस्सा किती आणि तो किती वर्षांच्या कामानंतर पक्का होणार हे लिहिलेले असावे, आणि तिघींपैकी एखादीने पदवी पूर्ण करायचे ठरवले किंवा नोकरी धरली, तर तिच्या हिश्श्याचे काय, हेही त्यात यावे. मैत्री घट्ट असतानाच हे कागद शांतपणे होतात. मसुदा तयार झाला, की येथे निरोप ठेवा; ऐरोलीत आमच्या कार्यालयाजवळ एका संध्याकाळी बसून मी तो तिघींसोबत वाचून देईन.